परीक्षकाचीही परीक्षा हवी
(जालना येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जालन्याच्या श्रोत्यांपुढे बियाण्यांविषयी बोलणे हे धाडसच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ची स्थापना केली ती याच भूमीत. तरीही मतदानयंत्रांचा विषय मांडताना मी प्रारंभ बियाण्यापासूनच करणार आहे. कारण विश्वास कसा निर्माण होतो, हे येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मृग नक्षत्राच्या तोंडावर शेतकरी दुकानात जातो. एका पिशवीवर ‘सत्यतादर्शक’ अशी खूण असते. म्हणजे उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो की, माझे बियाणे असे असे आहे. दुसऱ्या पिशवीवर ‘प्रमाणित’ अशी निळी खूण असते. तेथे उत्पादकाच्या शब्दावर न थांबता त्रयस्थ यंत्रणेने शेताची पाहणी केलेली असते, प्रयोगशाळेत नमुना तपासलेला असतो. सोयाबीनची उगवणशक्ती किमान ७० टक्के हवी, हे मानकही उत्पादकाने ठरवलेले नसते. ही प्रयोगशाळा तरी कोणी नेमली? १९६६ च्या बियाणे कायद्याने तिला अधिसूचनेद्वारे मान्यता देण्याची तरतूद केली. आणि एवढे सगळे झाल्यावरही आपला शेतकरी घरी येऊन शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवले ते मोजतो. यात त्याचा कोणावर अविश्वास नसतो. तो केवळ आपल्या वर्षभराच्या कष्टांची काळजी घेत असतो.

उत्पादकाचा शब्द, त्रयस्थाची चाचणी, त्या त्रयस्थाला कायद्याने दिलेली मान्यता आणि शेवटी स्वतःची खात्री, अशा या चार पायऱ्या आहेत. मतदानयंत्राच्या बाबतीत या चारही पायऱ्या आपल्याकडे भक्कम आहेत काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपली यंत्रे दोन सार्वजनिक उपक्रम बनवतात: बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन. पहिली संरक्षण मंत्रालयाच्या आणि दुसरी अणुऊर्जा विभागाच्या अधीन आहे. यंत्रांच्या रचनेची छाननी करण्यासाठी निवडणूक आयोगाने १९९० पासून वेळोवेळी तज्ज्ञ समित्या नेमल्या. त्यांवर प्रा. संपत, प्रा. इंदिरेसन यांच्यासारख्या विद्वानांनी काम केले. त्रयस्थ चाचणीचे काम इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘एसटीक्यूसी’ ही संस्था करते. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या आहेत. तिसरी पायरी मात्र अंधुक आहे.

कायद्याचे बळ किती मोलाचे असते, याचा अनुभव आपण एकदा घेतला आहे. १९८२ मध्ये केरळातील परवूर मतदारसंघात पन्नास केंद्रांवर प्रथमच यंत्रे वापरली गेली. यंत्रे चालली, परंतु कायद्यात त्यांना आधार नव्हता, म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील मतदान रद्द ठरवले. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१ अ घातले गेले आणि १९८९ पासून यंत्रांना कायदेशीर अधिष्ठान मिळाले. मात्र या कलमाने यंत्र वापरण्याचा अधिकार दिला. ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेची पात्रता कोणी आणि कोणत्या निकषावर ठरवावी, याविषयी त्यात शब्द नाही.

ही उणीव किती महाग पडू शकते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. तेथे पूर्वी राज्यांच्या निवडणूक अधिकाऱ्यांची एक स्वयंसेवी संघटनाच प्रयोगशाळांना पसंती देत असे. २००० साली फ्लोरिडातील मतमोजणीचा घोळ जगाने पाहिला आणि २००२ मध्ये तेथे नवा कायदा झाला. प्रयोगशाळांची पात्रता राष्ट्रीय मानक संस्थेने तपासावी आणि तिच्या शिफारशीवरून निवडणूक साहाय्य आयोगाने अधिस्वीकृती द्यावी, अशी व्यवस्था ठरली. नव्या कसोटीवर प्रथम कोण अडले? कोलोरॅडोतील ‘सायबर’ ही कंपनी. देशातील बहुतेक इलेक्ट्रॉनिक मतदानप्रणाली तिनेच तपासलेल्या होत्या! आवश्यक त्या सर्व चाचण्या आपण केल्या, हे तिला कागदोपत्री दाखवता येईना. २००६ मध्ये तिला तात्पुरती मान्यता नाकारली गेली. पण ही गोष्ट लोकांना कळली जानेवारी २००७ मध्ये, म्हणजे नोव्हेंबरची निवडणूक उरकल्यावर. यंत्रांत लबाडी झाली, असे कोणी सिद्ध केले नाही. परंतु ज्या कुंपणावर भिस्त ठेवली होती, ते मुळात उभे होते की नाही, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

आपल्याकडे प्रयोगशाळांची पात्रता जोखणारी यंत्रणा नाही, असे मुळीच नाही. भारतीय गुणवत्ता परिषदेचे ‘एनएबीएल’ हे मंडळ आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हेच काम करते. आपल्या रक्ततपासणीच्या अहवालावर तिची मुद्रा अनेकांनी पाहिली असेल. रक्तातील साखर मोजणाऱ्याची पात्रता आपण तपासून घेतो. मग लोकमताचे माप घेणाऱ्या यंत्राचा परीक्षक कोणत्या कसोटीला उतरला, त्याने कोणत्या चाचण्या केल्या आणि त्यांचा निष्कर्ष काय, याचा सारांश तरी मतदाराला सहज वाचता यावा, ही अपेक्षा अवाजवी कशी म्हणावी?

येथे कोणी म्हणेल, असे प्रश्न विचारणारे केवळ पराभूत असतात. तर थोडे मागे वळून पाहू. २००९ च्या लोकसभा निकालानंतर यंत्रांविषयी जाहीर शंका घेणाऱ्यांत लालकृष्ण आडवाणी होते. २०१० मध्ये जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. डॉ. सुब्रमण्यम स्वामी न्यायालयात गेले आणि त्यांच्याच याचिकेवर ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी चिठ्ठीची, म्हणजे व्हीव्हीपॅटची आवश्यकता मान्य केली. त्या वेळी त्यांची शंका आपल्यापैकी कित्येकांना रास्त वाटली होती. तेव्हा जी रास्त होती, ती आज दुसऱ्याच्या तोंडी आली म्हणून निंद्य ठरत नाही. आणि आज शंका घेणाऱ्यांनीही आपण सत्तेत असताना तिची किती दखल घेतली, हे स्वतःला विचारावे.

निकालावरून यंत्राची परीक्षा होत नाही, याचे उदाहरण शोधायला जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. जून २०२४ मध्ये जालना आणि परभणी या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत महाविकास आघाडीचे उमेदवार निवडून आले. आपल्या जिल्ह्याचे पाचही विधानसभा मतदारसंघ या दोहोंतच विभागलेले आहेत. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला आणि या पाचही जागा महायुतीने जिंकल्या. जूनमध्ये यंत्र प्रामाणिक आणि नोव्हेंबरमध्ये लबाड, किंवा त्याच्या उलट, असे म्हणणे विवेकाला धरून नाही. पण दोन्ही निकाल आपापल्या जागी पटले म्हणून यंत्र निर्दोष ठरते, हाही तर्क तितकाच लंगडा आहे. यंत्राचा कस निकालाच्या आधी लागला पाहिजे.

त्या वर्षीचा २६ एप्रिल आठवा. परतूर आणि घनसावंगीचे मतदार परभणी लोकसभेसाठी रांगेत उभे होते आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने यंत्रांविषयीच्या याचिकांवर निर्णय दिला. मतपत्रिकांकडे परतण्याची आणि सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागणी केल्यास विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या स्मृतीची पडताळणी करण्याची वाट मोकळी केली. ही तपासणी करायची आहे ती उत्पादक कंपन्यांच्याच अभियंत्यांनी. आदेश शिरसावंद्य आहे. पण बियाण्याच्या भाषेत सांगायचे तर ही अजून ‘सत्यतादर्शक’ खूण आहे, ‘प्रमाणित’ नव्हे. अधिस्वीकृत त्रयस्थ प्रयोगशाळेचा अभियंता शेजारी बसला, तर उत्पादकाचेच बळ वाढेल.

प्रयोगशाळेच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट यंत्रे बिघडली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. संवेदकावर पडलेला अतिरिक्त प्रकाश हे एक कारण आयोगाने सांगितले. चाचणीच्या खोलीतला दिवा आणि विदर्भातला मे महिना यांत अंतर असते! म्हणूनच चौथी पायरी, म्हणजे आपली शंभर दाण्यांची गोणपाटातली चाचणी, कधीही सोडता येत नाही.

आणि ही पायरी सर्वस्वी आपल्या हाती आहे. निवडणुकीपूर्वी जिल्ह्यात प्रत्येक यंत्राची प्रथमस्तरीय तपासणी होते. राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींना तिचे निमंत्रण असते. त्या वेळी पाच टक्के यंत्रांवर पाचशे ते बाराशे मतांची चाचणी घेतली जाते. मतदानाच्या दिवशी पहाटे प्रतिनिधींसमोर किमान पन्नास अभिरूप मते टाकली जातात आणि चिठ्ठ्यांशी ताडून पाहिली जातात. मोजणीच्या दिवशी दर विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यात पंचवीस केंद्रांच्या चिठ्ठ्या हाताने मोजल्या जातात. यातल्या प्रत्येक वेळी आपला माणूस तेथे उपस्थित होता काय? पहाटे साडेपाचला मतदान केंद्रावर जाण्याचा ज्याने आळस केला, त्याने संध्याकाळी वाहिनीवर यंत्राला दोष देऊ नये. आणि यंत्राचे गोडवेही गाऊ नयेत.

मित्रहो, विजेत्याला निकाल पटवून द्यावा लागत नाही. व्यवस्थेची कसोटी लागते ती हरलेल्याच्या मनात. ‘मी हरलो, पण माप खरे होते’, असे त्याला घरी जाऊन बायको-मुलांना सांगता आले, तर पाच वर्षे समाज शांतपणे कामाला लागतो. ते सांगता येण्यासाठी जे करावे लागेल, त्याचा आग्रह जिंकलेल्यांनीच अधिक धरावा, एवढीच विनंती करून मी थांबतो.