टेकडीवर ‘कार’ आपणच असतो

हा भाग चालताना किंवा सायकलवर ऐकत असाल, तर आधीच एक विनंती. एक इअरबड काढून खिशात ठेवा. का, ते पुढे कळेलच.

आजचा विषय आहे टेकडीवरचं सायकलिंग. मी दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहितो. त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस सकाळी सायकल काढतो आणि कोथरूडहून वेताळ टेकडी गाठतो. पुणेकरांना ही टेकडी सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो: शहराच्या मधोमध, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर. वर वेताळबाबाचं देऊळ, जुनी दगडाची खाण, नशीब असेल तर मोर. आणि रोज सकाळी चालायला येणारी भरपूर माणसं.

टेकडीच्या पायथ्यापर्यंत पोहोचणं हीच एक परीक्षा असते. सायकल ट्रॅक आहे म्हणावं, तर त्यावर स्कूटर लावलेल्या. पुढे कुणाची तरी हातगाडी. मग अचानक ट्रॅकच संपतो. रस्त्यावर यावं, तर मागून चारचाकी इतकी चिकटून जाते की तिचा आरसा कोपराला लागेल असं वाटतं. आपण सायकलवाले यावर तासन् तास बोलू शकतो. ‘रस्ता काय फक्त गाड्यांचा आहे का?’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलंय, मोजलेलं नाही.

आता गेल्या सप्टेंबरची गोष्ट सांगतो. यात चूक माझी आहे, त्यामुळे जशी झाली तशी सांगतो.

पाऊस नुकताच ओसरला होता. ग्लिरिसिडियाची झाडं वाटेच्या दोन्ही बाजूंनी दाट वाढली होती. मी उतारावरून खाली येत होतो. राइडची नोंद करणारं ॲप चालू होतं आणि त्या उताराचा माझाच जुना वेळ मला मोडायचा होता. एक वळण आलं. पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. वेग कमी करावा असं डोक्यात आलं, हे मला स्पष्ट आठवतंय. पण ब्रेक दाबला नाही.

वळणानंतर समोर एक आजोबा आणि आजी.

मी दोन्ही ब्रेक दाबले. मुरुमावर मागचं चाक घसरलं आणि मी आडवा झालो. त्यांना धडक बसली नाही. पण आजी दचकून मागे सरकल्या, त्यांचा पाय दगडावरून गेला आणि त्या बसकण मारून पडल्या. चष्मा फुटला, तळहात सोलवटला.

‘लागलं का हो आजी?’ असं विचारत मी धावलो. त्या काहीच बोलल्या नाहीत. आजोबांनी त्यांना उठवलं, हातावर पाणी ओतलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘बाळा, खाली गाड्यांची भीती वाटते म्हणून आम्ही इथे येतो. आता इथे तुझी भीती बाळगायची का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चष्म्याचे पैसे देतो म्हणालो, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

त्या रात्री मी इंजिनिअर करतात तेच केलं. गणित मांडलं. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. समोर कुणी दिसल्यापासून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत एक सेकंद धरा. ७ मीटर तिथेच गेले. सुट्या मुरुमावर ब्रेक डांबरासारखा लागत नाही. वेग दर सेकंदाला ३ मीटरने कमी होतो असं मानलं, तर थांबायला आणखी ८ मीटर. एकूण १५. त्या वळणावर मला पुढचं जेमतेम ८ मीटर दिसत होतं. म्हणजे आजी-आजोबांना धडक बसली नाही, यात माझं कौशल्य शून्य. मी पडलो म्हणून ते वाचले.

आता हेच गणित ताशी १२ किलोमीटरने करा. थांबायला सव्वापाच मीटर पुरतात. वेग निम्म्याहून थोडा कमी, पण थांबायचं अंतर जवळपास एक तृतीयांश.

हा प्रश्न फक्त पुण्याचा नाही. माउंटन बाइकिंगचं बाळसं जिथे धरलं गेलं, त्या कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीची गोष्ट बघा. १९७६ मध्ये तिथली पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावू लागली. उतार इतका तीव्र की ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच पडलं ‘रिपॅक’. पुढे सायकली वाढल्या, तशी चालणाऱ्यांशी आणि घोडेस्वारांशी भांडणं वाढली. परिणाम काय? ज्या डोंगरांत हा खेळ वाढला, तिथल्या बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना दीर्घकाळ बंद राहिल्या. रुंद वाटांवरही वेगमर्यादा आली: ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. आणि वळणावर ५ मैल, म्हणजे फक्त ८. कुणाला तरी ते गणित माझ्याआधीच कळलं होतं!

म्हणून आता मी काय करतो, ते सांगतो. उपदेश नाही, माझी यादी आहे.

एक, घंटी. माझ्या महागड्या सायकलला घंटी नव्हती, कारण ‘लुक जातो’. आता आहे. ती लांबूनच वाजवायची, अगदी पाठीशी येऊन नाही. पाठीशी वाजवली की माणूस दचकतो आणि नेमका आपल्याच बाजूला उडी मारतो.

दोन, ‘डावीकडून येतोय’ असं ओरडायचं नाही. ऐकणारा डावीकडेच सरकतो. ‘काका, मागे सायकल आहे, सावकाश’ एवढं म्हणायचं आणि खरंच सावकाश जायचं. त्यांच्या कानात इअरफोन असेल तर उतरून थांबायचं. विनंती आठवली ना? तो मोकळा कान यासाठीच.

तीन, चालणाऱ्याला आधी वाट. सायकली समोरासमोर आल्या, तर चढणाऱ्याला आधी. उतरणाऱ्याला पुन्हा सुरुवात करणं सोपं असतं.

चार, चिखल. पाऊस पडून गेला की दोन दिवस टेकडी नाही. चाकाचे चर पडतात, त्यातून पाणी वाहतं आणि वाट खचते. डबकं टाळायला गवतातून गेलो, तर वाट रुंद होत जाते आणि बाभळीचे काटे टायरमध्ये शिरतात ते वेगळंच.

पाच, उतारावर ॲपची नोंद बंद. चढावर करा की रेकॉर्ड, दम असेल तर.

तीन आठवड्यांनी आजोबा दिसले. एकटेच होते. मी सायकलवरून उतरलो, विचारलं, ‘आजी कशा आहेत?’ म्हणाले, ‘बरी आहे. पण इथे येत नाही आता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारते.’

पार्किंगमध्ये. मी दिलेली भीती घेऊन ती बाई गाड्यांमध्येच परत गेली होती.

डिसेंबरात त्या परत यायला लागल्या. नवा चष्मा, आजोबांचा हात धरलेला. पण सायकलचा आवाज आला की त्या अजूनही थांबतात आणि वाटेच्या कडेला झाडाला हात लावून उभ्या राहतात. कोणतीही सायकल असो. माझीसुद्धा.

मी उतरतो आणि सायकल हातात धरून त्यांच्या शेजारून चालत जातो. वीस पावलं असतील. ऑफिसला उशीर होत नाही.

रस्त्यावर गाडीवाल्याने आपल्याला जागा द्यावी असं वाटतं ना? मग टेकडीवर ती आपण द्यायची. तुमच्या टेकडीवर, तळ्याकाठी, कुठेही असं काही घडलं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. चूक तुमची असेल तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर घंटी लावून घ्या!