मेंदूचे विद्युत्संकेत आणि सर्वांसाठी खुली वही



बीड जिल्ह्यातील विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रयोगवही परिचित आहे. साहित्य, कृती, निरीक्षण व अनुमान या क्रमाने प्रयोग तीत नोंदविला जातो. मात्र तो प्रयोग दुसऱ्याला पडताळून पाहावयाचा असेल, तर वही पुरत नाही, उपकरणे लागतात. संगणकाने या वहीला आता नवे रूप दिले आहे. स्पष्टीकरण, समीकरण, संगणकाला दिलेली आज्ञावली आणि तिच्यातून निघालेला आलेख ही सारी तीत एकत्र असतात. ज्याच्या हाती ही वही येते, त्याला आकडे बदलून तोच प्रयोग पुन्हा करता येतो. मेंदूच्या अभ्यासात तिचे महत्त्व विशेष आहे.

मेंदूतील चेतापेशी विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी संदेश पाठवितात. विश्रांत पेशीची आतील बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. पुरेसे उद्दीपन मिळताच सोडियमचे विद्युत्भारित कण आत शिरतात, पाठोपाठ पोटॅशियमचे कण बाहेर पडतात आणि एक-दोन सहस्रांश सेकंदांत संकेत उमटतो. ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांनी माकूळ या समुद्रजीवाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून 1952 मध्ये ही क्रिया समीकरणांत मांडली. केंब्रिज विद्यापीठाचा संगणक त्या वेळी बंद असल्याने हक्सली यांनी हाताने फिरवावयाच्या गणकयंत्रावर हे किचकट गणित सोडविले. या कार्याबद्दल दोघांना 1963 चे नोबेल पारितोषिक लाभले.

तेच गणित आज साधा संगणक क्षणार्धात करतो. पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील कॉलिन्स असिसी व त्यांच्या विद्यार्थी सहकाऱ्याने 2019 मध्ये नवशिक्यांसाठी अशा वह्यांची मालिका खुली केली. पाच सत्रांत ती विद्यार्थ्याला एका साध्या समीकरणापासून परस्परांशी जोडलेल्या चेतापेशींच्या हजारो समीकरणांपर्यंत नेते. कीटकांच्या गंधज्ञानाचे जाळे तीत उदाहरणादाखल उभे केलेले आहे. पायथन ही विनामूल्य संगणकभाषा तिचा पाया आहे.

या खुलेपणाचा लाभ कोणता? वहीतील सोडियमचा प्रवाह विद्यार्थ्याने पुरेसा कमी केला, तर संकेत उमटतच नाही. दंतवैद्याने टोचलेल्या औषधाने हिरडी बधिर का होते, हे त्याला तेथेच उमगते. अपस्मारावरील काही औषधेही याच सोडियमच्या मार्गांवर कार्य करतात. फेफरे आलेल्या माणसाला कांदा अथवा चप्पल हुंगविण्याची प्रथा ज्या समाजात अद्याप आढळते, तेथे फेफरे हा दैवी कोप नसून मेंदूतील विद्युत्व्यापाराचा बिघाड आहे, हे ज्ञान मोलाचे ठरते. अर्थात ही वही वैद्याची जागा घेत नाही; ती फक्त कारण उलगडून दाखविते.

दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात. त्या घरांतील मुलामुलींना महागडी प्रयोगशाळा दुर्लभ आहे. मात्र महाविद्यालयातील एका संगणकावर व महाजालकाच्या जोडणीवर ही वही चालू शकते. खरी अडचण भाषेची आहे. बहुतेक वह्यांतील स्पष्टीकरण इंग्रजीत असते. आज्ञावली तशीच ठेवून स्पष्टीकरण मराठीत लिहिण्याचे काम येथील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे आहे. मूळ लेखकांचे श्रेय नोंदवावे, वहीचा परवाना पाहावा आणि केलेली सुधारणा पुन्हा सर्वांसाठी खुली करावी, एवढीच पथ्ये पाळावयाची.

ज्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस आहे, त्यांच्या ‘विवेकसिंधु’ने संस्कृतातील तत्त्वज्ञान मराठीत आणले. मेंदूविज्ञानाची वही मराठीत आणण्याचे कार्य त्याच परंपरेतील आहे. ते बीड जिल्ह्यातून सुरू व्हावे, हे सर्वथा उचित ठरेल.