‘सामना’ : एका प्रश्नाची कथा
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मानेसर येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी खुनाची कथा कशासाठी, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात येईल. ती रास्त आहे. परंतु महाराष्ट्रापासून दूर राहणारे आपण गावाची आठवण बहुधा गोड करूनच जपतो. त्या आठवणीची दुसरी बाजू ज्या चित्रपटाने निर्भयपणे दाखविली, त्याचे गुणदोष आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

‘सामना’ हा डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. पटकथा-संवाद विजय तेंडुलकरांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, निर्मिती रामदास फुटाणे यांची. १९७५ साली तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवापर्यंत पोहोचला. कथानक थोडक्यात असे : साखरपट्ट्यातील सर्वसत्ताधीश हिंदुराव धोंडे पाटील गावात आलेल्या एका दारुड्या मास्तरांना आश्रय देतात. एके काळी ध्येयवादी असलेल्या या मास्तरांच्या कानांवर मारुती कांबळे हे नाव पडते. या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच ते विचारू लागतात. आणि त्या एका प्रश्नाने वाड्यापासून कारखान्यापर्यंत सारे अस्वस्थ होतात.

चित्रपटाचे पहिले बळ अभिनयात आहे. निळू फुले यांचे हिंदुराव क्वचितच आवाज चढवितात. त्यांच्या आदरातिथ्यातच दहशत आहे. डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर व्यसनाने खचलेले आहेत. तरी विवेकाची ठिणगी त्यांच्यात शिल्लक आहे. दुसरे बळ काळाच्या अचूक जाणिवेत आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकऱ्याला मालक करण्याचे स्वप्न त्यामागे होते. त्या स्वप्नातून समृद्धी आली, हे चित्रपट नाकारत नाही. हिंदुरावांनी माळरानावर वैभव उभे केले, हे खरेच आहे. मात्र त्या वैभवाच्या पायाखाली कोणी गाडले गेले काय, हे विचारण्याचा अधिकार तो सोडत नाही.

आता उणिवा. रहस्यकथा म्हणून पाहता कोडे फार लवकर उलगडते. संशय कोणावर घ्यावा, हे प्रेक्षकास आरंभीच उमगते. मास्तर काही ठिकाणी माणूस न उरता प्रतीक होतात. स्मिता पाटील यांच्यासारखी अभिनेत्री असूनही स्त्रियांच्या वाट्याला फारच थोडे आले आहे. सर्वांत मोठी उणीव अशी, की ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो मारुती कांबळे बहुतांशी इतरांच्या बोलण्यातूनच भेटतो. सत्ताधीशाचा वाडा आपणांस तपशिलाने दिसतो. बळी पडलेल्याचे घर मात्र दूरच राहते. पुढे १९७९ साली अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनीच केलेल्या ‘सिंहासन’ने राजकारणाचा पट अधिक विस्तृत मांडला, पण ‘सामना’तील एकाकी प्रश्नाची धार त्यालाही लाभली नाही, असे आमचे मत आहे.

हा प्रश्न मानेसरला परका नाही. येथेही शेतांच्या जागी कारखाने आले. येथील जमिनींच्या संपादनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ साली त्यावर निकाल झाला. आपल्यापैकी अनेकांची चूल या उद्योगांवर पेटते. म्हणून तर हिंदुरावांचे वैभव आपणांस समजते आणि मास्तरांचा प्रश्न टोचतो. ज्याच्या अन्नावर पोसलो, त्यालाच जाब विचारण्याची पाळी मास्तरांवर आली होती.

तेंडुलकर, निळूभाऊ, डॉक्टर लागू आज आपल्यात नाहीत. चित्रपट मात्र आहे. मुलांना मराठी शिकविताना सण आणि गाणी आपण देतोच. त्यांबरोबर हा प्रश्न विचारण्याचे धाडसही त्यांच्या हाती द्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.