तुमचा वीज मीटर कोणाकोणाला काय सांगतो? तळोज्यातल्या भाड्याच्या घरातून

(या भागाचं शब्दांकन. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.)

आजचा भाग तळोज्यातून रेकॉर्ड करतोय, फेज टूमधल्या माझ्या भाड्याच्या वन बीएचकेमधून. मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर ती शेजारच्या काकूंची समजा, माझ्याकडे आज मॅगी आहे.

तर झालं असं. गणपतीत चार दिवस गावाला गेलो होतो. परत येताना पेंधरला मेट्रोतून उतरतोय, तेवढ्यात घरमालकांचा फोन. "काय रे, आलास का गावाहून? चार दिवस घर बंद होतं ना?"

मी त्यांना जातोय म्हणून सांगितलंच नव्हतं. विचारलं, "काका, तुम्हाला कोण बोललं?"

"अरे, नवीन मीटर बसलाय ना! ॲपमध्ये रोजचा वापर दिसतो. चार दिवस एकेकच युनिट पडत होतं. म्हटलं, फ्रिज सोडून काही चालू दिसत नाही." आणि मग हसत हसत, "त्याच्या आधीच्या शनिवारी मात्र लई युनिट गेलं. पाहुणे होते वाटतं?"

होते. कॉलेजचे तीन मित्र होते, आणि एसी रात्रभर चालू होता.

आता हे काका वाईट माणूस नाहीत. नळ गळला तर स्वतः प्लंबर घेऊन येतात. पण फोन ठेवल्यावर मला कसंतरीच झालं. घरात मी राहतो, बिल मी भरतो, आणि माझी ये-जा दिसते दुसऱ्याच्या मोबाइलवर. माझ्या जागी एकटी राहणारी मुलगी असती तर? आणि घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते, ते तुम्हाला माहितीच आहे.

मी दिवसभर ऑफिसात हेच काम करतो. कोणत्या युजरला कोणता डेटा दिसावा आणि कोणता दिसू नये, याचा कोड लिहितो. आणि स्वतःच्या घराच्या मीटरबद्दल हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. म्हणून आजचा विषय हा: मीटरचा डेटा तिसऱ्या माणसाला द्यायचा की नाही, द्यायचा तर किती, आणि दिलेला परत बंद कसा करायचा.

आधी मीटर नक्की करतो काय, ते बघू. जुन्या मीटरला महिन्यातून एकदा माणूस यायचा, फोटो काढायचा, गेला. वर्षाला 12 आकडे. स्मार्ट मीटर वापराची नोंद ठरावीक अंतराने ठेवतो, अर्ध्या तासाने किंवा पंधरा मिनिटांनी. अर्ध्या तासाचा हिशोब धरला तर दिवसाला 48 आकडे, वर्षाला 17,520. बारा आकड्यांतून फक्त बिल निघतं. साडेसतरा हजार आकड्यांतून तुमचा दिवस निघतो.

कसा, ते सांगतो. दोन हजार वॉटचा गिझर पंधरा मिनिटं चालला की अर्धं युनिट जातं. सकाळी साडेसहा ते सातच्या रकान्यात अचानक अर्धं युनिट दिसलं, म्हणजे कोणीतरी अंघोळीला गेलं. रविवारी तोच उंचवटा साडेनऊला सरकतो. रात्री दोनला एसीचा वापर एकदम थांबला, म्हणजे कोणीतरी उठलं. आठवडाभर नुसता फ्रिजचा सपाट आकडा असेल, तर घराला कुलूप आहे. हे ओळखायला एआय लागत नाही हो, एक्सेल पुरतं. एकूण वापरावरून आतलं कोणतं उपकरण चालू आहे हे ओळखायची पद्धत अमेरिकेत एमआयटीमधल्या जॉर्ज हार्ट यांनी 1980च्या दशकात मांडली. आणि त्यांनीच 1989 मध्ये एका लेखात सावध केलं होतं की यातून घरावर पाळत ठेवता येईल. म्हणजे हा धोका आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधीपासून माहिती आहे.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण व्हॉट्सॲपवर काहीही फिरत असतं. मीटरमध्ये मायक्रोफोन नाही, कॅमेरा नाही. अर्ध्या तासाच्या आकड्यावरून तुम्ही कोणती मालिका बघता हे कळत नाही. जर्मनीत 2011 मध्ये संशोधकांनी टीव्हीवर कोणता सिनेमा चालू आहे ते ओळखून दाखवलं होतं, पण त्यांच्याकडे दर दोन सेकंदांचा डेटा होता. यातला धडा साधा आहे. आकडे जितके बारीक, तितकी माहिती खासगी.

बरं, मग हे आकडे गोळाच कशाला करायचे? कारण त्याचा आपल्याला फायदाही आहे. महाराष्ट्रात 1 जुलै 2025 पासून टीओडी स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत सुरू झाली. दुपारी किती युनिट गेलं ते माहीतच नसेल तर सवलत देणार कशी? शिवाय 2023 मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. त्यात स्मार्ट मीटरचं रीडिंग दिवसातून निदान एकदा दुरून घ्यायचं आणि वापराची माहिती ग्राहकाला द्यायची, असं आहे. म्हणजे आपला डेटा आपल्याला दिसणं हा आपला हक्कच आहे.

गोची एका शब्दात आहे. ग्राहक म्हणजे कोण? 2003च्या वीज कायद्यातली व्याख्या रुंद आहे, ज्याला स्वतःच्या वापरासाठी वीज पुरवली जाते तो ग्राहक. पण सिस्टिममध्ये एक ग्राहक क्रमांक, त्यावर एक नाव आणि एक मोबाइल नंबर. तळोज्यात किती घरं भाड्याची आहेत बघा. सिडकोच्या लॉटरीत लागलेलं घर, मालक डोंबिवलीला किंवा घाटकोपरला, राहणारा एमआयडीसीत नाहीतर बेलापूरला कामाला. मीटर मालकाच्या नावावर, मोबाइल मालकाचा. कधी कधी तर आधीच्या भाडेकरूचा! तो बिचारा नोकरी बदलून पुण्याला गेला, आणि त्याच्या फोनवर तुमच्या घराचा वापर येतोय.

आता रांगेत कोण कोण उभं आहे, ते एकेक करून घेऊ.

पहिली वीज कंपनी, आपल्याकडे महावितरण. तिला बिलासाठी आणि सवलतीसाठी डेटा लागतोच. दुसरा, मीटर बसवून ती यंत्रणा चालवणारा कंत्राटदार. महावितरणने 2023 मध्ये साधारण सव्वादोन कोटी मीटरची कामं परिमंडळं वाटून दिली. आपला भाग येतो भांडूप परिमंडळात, तिथलं काम अदानी समूहाकडे गेलं. हा आरोप नाही हां, फक्त वाट सांगतोय. मीटरमधून निघालेला आकडा आधी कंत्राटदाराच्या यंत्रणेतून जातो, मग बिलात येतो. तिसरं, पेमेंट ॲप. ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट टाकलं की रक्कम येते, बहुतेक वेळा नावही. चौथा, सोलरवाला. पाचवं, "बिल कमी करून देतो" म्हणणारं ॲप. आणि सहावे आमचे काका.

कोडमध्ये आम्ही एक नियम पाळतो, तो इथे जसाच्या तसा लागू होतो. कामापुरतीच चावी द्यायची. सोलरवाल्याला छपरावर किती पॅनेल लागतील ते काढायचंय, त्याला बारा महिन्यांचे आकडे पुरतात, आणि ते बिलावर छापलेले असतात. पेमेंट ॲपला रक्कम पुरते. काकांना काय हवं असतं? बिल थकलं नाही ना, एवढंच. यातल्या एकालाही तुमचे 48 रकाने लागत नाहीत.

सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे पासवर्ड देणं. माझ्या एका मित्राने असंच एक बचतीचं ॲप टाकलं. त्या ॲपने वीज खात्याचं लॉगिन मागितलं, ह्याने दिलं. पासवर्ड दिला म्हणजे सगळं दिलं. जुनी बिलं, पत्ता, मोबाइल बदलायची सोय, सगळं. आणि किती दिवसांसाठी? कायमचं. ॲप डिलीट केलं तरी पासवर्ड त्यांच्या सर्व्हरवर असू शकतो.

मग बरी पद्धत कोणती? ती तुम्ही रोज वापरता. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडा. कोणाला, किती, कधीपर्यंत, आणि शेजारी रद्द करायचं बटण. मीटर डेटासाठी अगदी अशीच यादी हवी. अमेरिकेत 2012 पासून ग्रीन बटन नावाची सोय आहे. वीज कंपनीच्या साइटवर आपणच लॉगिन करायचं, आणि तिथूनच एखाद्या ॲपला परवानगी द्यायची. पासवर्ड ॲपकडे जातच नाही, आणि परवानगी नंतर काढताही येते. आपल्याकडे बँकेच्या डेटासाठी हे झालंय. अकाउंट ॲग्रिगेटरची व्यवस्था 2021 मध्ये सुरू झाली. त्यात संमतीवर कारण, मुदत आणि डेटा किती वेळा घेणार, हे सगळं लिहिलेलं असतं. बँकेसाठी जमलं तर विजेसाठी का नाही? 2025 मध्ये ऊर्जा मंत्रालयाने इंडिया एनर्जी स्टॅकची घोषणा केली आहे, त्यात ही यादी पहिल्या दिवसापासून असावी असं मला वाटतं. नंतर चिकटवलेली प्रायव्हसी कशी असते, ते आम्हा इंजिनिअरांना विचारा.

आणि लोकांनी विचारलं की फरक पडतो बरं का. नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटर सक्तीचा करायचा कायदा 2009 मध्ये वरिष्ठ सभागृहात अडला. मोठं कारण प्रायव्हसीच होतं. मग सक्ती काढून कायदा नव्याने आणावा लागला.

आपल्या कायद्याचं काय? 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं हवं. आणि माझा डेटा कोणाकोणाला दिला, हे विचारता येतं.

पण हा कायदा काकांना लागू होईल का? मी वकील नाही, पण मजकूर वाचलाय. एखादी व्यक्ती वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी डेटा वापरत असेल तर तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे मोठ्या कंपनीला प्रश्न विचारता येईल, पण जो सगळ्यात जवळून बघतोय त्याच्याशी बोलूनच मिटवावं लागेल.

मग मी बोललो. काकांना घरी चहाला बोलावलं. म्हटलं, "काका, तुमच्या घरात तुम्ही कधी झोपता ते मला रोज दिसलं तर चालेल का?" ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "अरे, आधीचा पोरगा तीन महिन्यांचं बिल थकवून गेला रे. म्हणून बघतो मी." आता हे कारण खरं होतं! आमचं असं ठरलं की ग्राहक क्रमांकावर माझा मोबाइल नंबर, आणि बिल भरलं की त्याच दिवशी पावती काकांना. घर सोडताना नंबर परत त्यांचा. पुढच्या लीव्ह अँड लायसन्स करारात ही एक ओळ टाकणार आहोत.

तुमच्यासाठी घरचा अभ्यास, दहा मिनिटांचा. एक, तुमच्या ग्राहक क्रमांकावर कोणाचा मोबाइल आहे ते बघा. भाड्याने राहत असाल तर मालकांशी बोला, आणि घर सोडताना आपला नंबर काढा. दोन, वीज खात्याचा पासवर्ड कोणत्याही ॲपला दिला असेल तर आज बदला. तीन, बिलाचा फोटो पाठवताना ग्राहक क्रमांक गरज नसेल तर झाका. बारा आकडी क्रमांक म्हणजे तुमच्या घराचं नावच आहे. चार, "आज रात्री वीज कापणार, हे ॲप टाका" असा मेसेज आला तर काही टाकू नका. विजेची चौकशी 1912 वर करा, पैसे गेले असतील तर लगेच 1930.

आणि कोणीही मीटरचा डेटा मागितला तर चार प्रश्न: कशाला, किती बारीक, कधीपर्यंत, आणि बंद कुठून करायचा? चौथ्याचं उत्तर मिळालं नाही तर पहिल्या तिघांची उत्तरं कितीही गोड असली तरी देऊ नका.

गेल्या शनिवारी मित्र परत आले होते. एसी रात्रभर चालू होता. रविवारी काकांचा फोन आला, माझ्या पोटात गोळा! ते म्हणाले, "अरे, टाकीचं पाणी येतंय ना नीट?" बास, एवढंच.

तुमच्या घरी मीटरवर कोणाचा नंबर आहे, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!