मन, मशीन आणि धम्म
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आपल्या शिरूर-दौंड भागात मेंदूचा किंवा मनाचा आजार अजून दार लावूनच बोलला जातो. कुणाला फिट आली, पोरगं एका जागी बसेना, सून रात्र रात्र जागू लागली, की पहिली धाव देवऋषाकडे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात हे घडते, म्हणून जास्त लागते.

आता देवऋषी मागे पडला तर मशीन पुढे आले. आमच्या पुतण्याला लहानपणापासून फिट येतात. शहरातल्या एका केंद्रात त्याला नेले. ते म्हणाले, "न्यूरोफीडबॅकच्या चाळीस सिटिंग घ्या, गोळ्या बंद करा." रक्कम ऐकून भावाने दुभती म्हैस विकायला काढली. तेव्हा आम्ही वाचायला बसलो.

हे मशीन थोतांड आहे काय ? तसे नाय. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपल्या. त्यालाच आपण ई.ई.जी. म्हणतो. पुढे अमेरिकेत बॅरी स्टरमन यांनी मांजरांना शिकवले. ठराविक लहर उमटली की बक्षीस म्हणून दूध. मांजरे ती लहर वाढवू लागली. १९७२ च्या सुमारास फिटच्या रुग्णावरही तो प्रयोग झाला. गिरणीत धागा तुटला की दिवा लागतो आणि आमचा हात आपोआप तिकडे जातो. तसेच पडद्यावर आपली लहर पाहून मेंदूला सवय लावायची. एवढेच ते.

पण गुण किती ? चंचल मुलांवर तपासणी झाली. काहींना खरे मशीन, काहींना नुसते दाखवायचे. कुणाला कुठले, ते पालकांनाही ठाऊक नव्हते. दोन्हीकडची मुले जवळपास सारखीच सुधारली ! आणि फिटच्या गोळीची जागा हे मशीन घेते, असे सिद्ध झालेले नाही. गोळी एकदम बंद केली तर फिट वाढून जीवसुद्धा जाऊ शकतो.

तथागतांनी कालामांना सांगितले, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तपासून घ्या. देवऋषाला जो नियम, तोच मशीनला. आणि आमच्या ध्यानालाही तोच. आनापानसतीने मनाला शिस्त लागते, म्हणून कुणी गोळी सोडू नये.

मग जायचे कुठे ? दौंडहून गाडीने, शिरूरहून एस.टी.ने पुणे गाठा. ससून आहे, येरवड्याचे मनोरुग्णालय आहे. २०१७ च्या कायद्याने सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार मिळणे हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. घरातून बोलायचे तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. माताभगिनींनो, तो भिंतीवर लिहून ठेवा.

आमची म्हैस गोठ्यातच आहे. पुतण्या वेळेवर गोळी घेतो आणि आज इथे सतरंज्या अंथरायला तोच पुढे होता. आजार लपवू नका, एवढेच मागणे.

नमो बुद्धाय ! जय भीम !