हात थांबला, की डोळाही अडखळतो



मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढी आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरांची साखळी गुंफी. मराठी राज्याचा हिशेब आणि घरोघरचा पत्रव्यवहार याच हातांनी चालला. छपाईने बालबोध पत्करली. पुढे शाळांतूनही मोडी गेली. आज पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद जपलेले आहेत. वाचणारे मात्र विरळ. लिहिणारा हात थांबला आणि काही पिढ्यांतच वाचणारा डोळाही अडखळला.

बालबोध लिपीवर तशी वेळ येईल असे नाही. ती पडद्यावरही नांदते. परंतु तिचे मराठी वळण नाजूक आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली 'ल' आणि 'श' यांची मराठी रूपे निश्चित केली. तरीही पुष्कळ फोनांवर ही अक्षरे हिंदी वळणानेच उमटतात. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाला रस्त्यावरच्या पाट्यांवरही मराठी वळण क्वचितच दिसते. त्याला ते भेटते शाळेच्या फळ्यावर आणि स्वतःच्या वहीत.

टंकन विद्यार्थ्यांनी अवश्य शिकावे. मात्र हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेने त्यांच्याकडून रोज एक पान हाताने लिहून घ्यावे. आजीने लिहिलेले पत्र नातवाला न अडखळता वाचता यावे, एवढे त्या पानाचे मोल आहे. मोडीचे कागद जपायला कपाटे पुरली. मोडी जपायला हात हवे होते.