मालकाच्या तालावर नोकराचं गाणं



आजचा विषय एका लग्नाचा आहे. वर फिगारो, काउंटच्या पदरचा नोकर. वधू सुझाना, काउंटेसची दासी. आणि काउंटचा डोळा याच सुझानावर. एवढ्या भांडवलावर बोमार्शे या फ्रेंच नाटककाराने लिहिलेलं नाटक सोळाव्या लुईने अडवून धरलं होतं. अखेर १७८४ साली ते पॅरिसच्या रंगभूमीवर आलं. व्हिएन्नात मात्र सम्राट दुसऱ्या जोसेफने त्याच्या जर्मन प्रयोगाला मनाई केली. आणि तरीही १ मे १७८६ रोजी त्याच व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरात तीच कथा इटालियन संगीतिका होऊन उभी राहिली! संहिता लोरेंझो दा पोन्ते याची, संगीत मोझार्टचं.

दा पोन्तेने काटछाट केली. पाच अंकांचे चार झाले, सोळा पात्रांची अकरा. मूळ नाटकात शेवटच्या अंकात फिगारोचं लांबलचक स्वगत आहे. जन्माने मिळालेल्या मोठेपणाला तो तिथे उघड जाब विचारतो. ते गेलं. त्या जागी फिगारो बायकांच्या बेभरवशाबद्दल गातो. नुसती संहिता वाचली तर नाटकाचे दात काढून घेतले असं वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटे.

पण पहिल्या अंकातलं फिगारोचं गाणं ऐका. मालकाचा बेत त्याला नुकताच कळलाय, आणि मालकाला आपण नाचवू अशी प्रतिज्ञा तो एकट्याने करतोय. मोझार्टने त्याला ताल दिलाय मिन्युएटचा: तीन मात्रांचा, अदबीचा, खानदानी मंडळींच्या नाचाचा. मध्येच लय उसळते, राग बाहेर पडतो, आणि पुन्हा तीच अदब. शब्दांतून गाळलेला जाब तालात येऊन बसलाय.

तिसऱ्या अंकातलं पत्राचं युगुलगीत तसंच. काउंटेस मजकूर सांगते, सुझाना लिहिते, बाईचे शेवटचे शब्द उचलून म्हणते. हळूहळू दोघींचे सूर असे गुंफले जातात की मालकीण कोण आणि दासी कोण, हे कानाला उमगत नाही. लोकांनी सुरुवातीच्या प्रयोगांत इतके वन्समोअर घेतले, की एकाहून अधिक गायकांची गाणी पुन्हा गाऊ नयेत असं फर्मान सम्राटाला काढावं लागलं. आपल्या संगीत नाटकांच्या प्रेक्षकांना ही हौस वेगळी सांगायला नको.

आणि तो शेवट. रात्रीची बाग. सुझानाच्या वेषातल्या स्वतःच्याच बायकोचं प्रियाराधन करून काउंट फसलाय. बोमार्शेची काउंटेस त्याला हसत हसत माफ करते. मोझार्ट इथे सगळी धांदल थांबवतो. काउंट गुडघे टेकून क्षमा मागतो. ती अगदी साध्या स्वरांत ‘हो’ म्हणते, आणि नोकरमालक सगळे तोच सूर हलक्या आवाजात उचलतात. क्षणभर सारं निवांत होतं. मग वाद्यं एकदम धावू लागतात आणि सगळेजण आनंदोत्सवाकडे पळतात.